नानांचे सात वार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर वाचणं-लिहिणं बंदच होतं. (एकच डोळा झालाय. दुसरा दिवाळीनंतर.) साठलेलं बरंच आहे, त्यामुळे आज जरा लांबण लागेल. चहा घेऊनच बसा.

विषय घरातूनच मिळाला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या भाच्याने नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना फोटो टाकला. खाली लिहिलं होतं की आमचे आजोबा पुण्यात वार लावून जेवले, रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, पण त्यांनी कुणाची सवलत घेतली नाही की कुठल्या संस्थेचे उंबरे झिजवले नाहीत. त्याखाली पंधरा-वीस अंगठे आणि जोडलेले हात. मीही एक अंगठा दिला असता, पण "कुणाची सवलत घेतली नाही" या चार शब्दांपाशी अडकले. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड आता जायची नाही. तर बाळा, हे तुझ्यासाठी. रागाने लिहीत नाही हो.

आधी वार म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यातल्या तरुण मंडळींनी शब्द ऐकला असेल, बघितलं कुणीच नाही. नाना १९३४ साली पुण्यात आले, बारा वर्षांचे. वडील गेलेले, आई कोकणात. झोपायला एका ओळखीच्यांची गॅलरी मिळाली. पहिले काही महिने त्यांनी माधुकरी मागितली. सोवळं नेसून, झोळी घेऊन, पाच घरांच्या दाराशी उभं राहायचं आणि "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणायचं. पडेल ते एकत्र कालवून खायचं. मग कुणीतरी शब्द टाकला आणि वार लागले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, अशी सात घरं. सगळी सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतली. ज्या दिवशी त्या घरी सोयर-सुतक किंवा घरची बाई बाजूला बसलेली, त्या दिवशी खाडा. खाडा म्हणजे उपास, हे वेगळं सांगायला नको.

(नेहमीचा प्रश्न येण्याआधीच सांगते. नाही, आईचं माहेर त्या सात घरांत नव्हतं. सिनेमात तसं होतं.)

नाना हे अभिमानाने सांगत नसत. फारसं सांगतच नसत. पण त्यांना जेवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल की "वाढू का?" म्हटलं की त्यांचा हात ताटावर आडवा यायचा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पगाराच्या भाताला! आई चिडायची. लग्नकार्यातही पहिलं वाढलेलं संपलं की ते उठून जायचे. सात घरांत पाच वर्षं जेवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मागायची सवयच राहिली नव्हती.

आता सवलतीचं बघू. नानांना वार मिळाले ते कशावर? पैसे नव्हते, अर्ज नव्हता, गुणपत्रिका कुणी मागितली नाही. मुंज झालेली आहे, संध्या येते, कुणाचा कोण आहे ते कळलं, झालं काम. तो अर्जच होता, फक्त कागदावर नव्हता. नानांच्याच वर्गात नाना पेठेकडच्या एका वसतिगृहातून येणारा मुलगा होता, अस्पृश्य म्हणत त्या समाजातला. नानांनी त्याला एकदा सहज विचारलं, "तुझे वार कुठे आहेत?" त्याला वार म्हणजे काय तेच कळेना. ही गोष्ट नानांनी मला फक्त एकदा सांगितली, ते निवृत्त झाल्यानंतर. दोघे सारखेच गरीब, दोघांचे सदरे सारखेच ठिगळाचे. पण त्या मुलाने सदाशिव पेठेतल्या वाड्यात जाऊन "भवति भिक्षां देहि" म्हटलं असतं तर काय झालं असतं? तो काळ लक्षात घ्या. पाचच वर्षांपूर्वी, १९२९ साली, याच गावात पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे आणि इतरांनी सत्याग्रह केला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड आले होते.

तेव्हा पुण्यात देणारे हात नव्हते असं कधीच नव्हतं. पुणं देण्यात मागे नव्हतं. प्रश्न कुणाला, एवढाच होता. पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटली जायची, विद्वान ब्राह्मणांना. ही प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची, पुढे पेशव्यांनी ती चालवली. राज्य बुडालं तरी तो पैसा बुडाला नाही. इंग्रजांनी त्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढे वाढत वाढत डेक्कन कॉलेज झालं. १८४९ साली काही सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, आणि तो कुठल्याही जातीच्या माणसाला मिळू दे. केवढा गहजब झाला! जोतीराव फुले तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे, पण ते या अर्जवाल्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारी तिजोरीतून एका जातीला शिक्षणासाठी पैसे मिळत होते, याला आजच्या भाषेत काय म्हणतात ते भाच्यानेच सांगावं.

पण हे एवढंच लिहिलं तर गोष्ट अर्धी राहील. कारण त्याच वाड्यांतली काही माणसं अशी होती की त्यांना त्यांच्याच वाड्यात जागा नव्हती. विधवा. वर्गात हा भाग शिकवताना मी पुस्तक मिटून ठेवत असे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती, जोतीरावांच्या एका मित्राकडे स्वयंपाकाला. कुणीतरी फसवलं, दिवस गेले, मूल झालं, आणि भीतीपोटी तिने ते मारलं. तिला जन्मठेप, काळं पाणी झालं. फसवणाऱ्याला काही झालं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हायचं, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. जोतीरावांनी १८८४ साली लिहिलेल्या टिपणात हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन गेल्या, आणि त्यांच्या मुलांतली पाच जिवंत होती. पस्तीसांत पाच. हा आकडा फळ्यावर लिहिला की मुली एकदम गप्प व्हायच्या.

तिथे येणाऱ्या बहुतेक बायका ब्राह्मण घरांतल्या होत्या. ज्या घरांतून परगावच्या मुंज्या मुलांना वार मिळत होते, तशाच घरांतल्या लेकीसुना रात्री एका माळ्याच्या घराचं दार वाजवत होत्या. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणं केली. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत, त्याला जोडप्याने दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना गेल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या वीस वर्षं आधी, १८७७ च्या दुष्काळात, सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं ते फार कमी जणांना माहीत असतं. आता धनकवडीला जाताना बसमधून इमारतीच इमारती दिसतात. असो.

नंतरच्या तीसेक वर्षांत पुण्यात संस्थांचं पीकच आलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० साली मुंबईहून पुण्याला आलं. त्यातल्याच एका विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० पासून तो हिंगण्याच्या माळावर. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, आणि तिथून आश्रमापर्यंत पायी यायचं. पावसात चिखल तुडवत. अण्णांबद्दल माझ्या मनात किती आदर आहे हे घरच्यांना ठाऊक आहे, पण हेही लिहिलं पाहिजे की सुरुवातीच्या वर्षांत आश्रमातल्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्याच होत्या. त्यांची ताकद तेवढी होती म्हणा, किंवा देणगीदार तेवढंच सोसणारे होते म्हणा. मी अण्णांना यात दोष देत नाही. १९४४ साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या पुढे, त्यांनी समता संघ काढला. त्या वयात माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात.

पाठोपाठच्या वर्षांकडे बघा. १९०८ साली विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पुण्यातली शाखा. १९०९ साली रमाबाई रानड्यांचं सेवासदन. त्याच १९०९ साली दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं अनाथ विद्यार्थी गृह. दोन वर्षांत तीन संस्था, आणि तिघींची माणसं वेगळी. एक अस्पृश्य मुलांची, एक बायकांची, एक गरीब विद्यार्थ्यांची. गाव एक, पण गरजा वेगळ्या, आणि ओट्याही वेगळ्या.

यातलं अनाथ विद्यार्थी गृह म्हणजे नानांच्या वारांचंच शिस्तीतलं रूप. तिथली मुलं सुरुवातीला माधुकरीवरच जगत. एकेकट्याने मागण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागायचं आणि एकत्र बसून खायचं, एवढा फरक. पण फरक लहान नव्हे. एकत्र बसलं की कमीपणा वाटून घेता येतो. मग त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, मुलं त्यात काम करायला लागली, आणि झोळीची गरज कमी होत गेली. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते. नावातला "अनाथ" कधीच गळला. याच संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पुढे मुद्रणाचा अभ्यासक्रम आला, तो मला फार समर्पक वाटतो.

शिंद्यांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त अवघड. माणूस जमखिंडीचा, मराठा, ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास करून आलेला. १९०६ साली मुंबईत मिशन काढलं आणि दोन वर्षांनी पुण्यात. त्यांच्या वसतिगृहाला माधुकरी कोण घालणार? मूठ-मूठ धान्य, सरकारी मदत, संस्थानिकांच्या देणग्या यांवर त्यांना भागवावं लागलं. नाना पेठेतला अहिल्याश्रम उभा राहिला त्यात इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची मोठी देणगी आहे, म्हणून तर अहिल्याबाईंचं नाव. शिंद्यांना त्यांच्या समाजातले म्हणत की हा महारामांगांत मिसळला, आणि अस्पृश्य पुढाऱ्यांतले काही म्हणत की हा वरून येऊन आमचा पुढारी होतो. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असत. मी दोन तास घेत असे.

त्यांच्या नंतरचं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांचं मुख्य काम साताऱ्याचं. १९२४ च्या तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. पण त्यांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग हाऊस काढलं, १९३२ साली, पुणे करार झाला त्याच वर्षी. म्हणजे नाना कोकणातून पुण्याला पोचले त्याच्या आधी दोन वर्षं पुण्यात अशी जागा सुरू झाली होती जिथे ब्राह्मण, मराठा, महार, मुसलमान कुठलाही मुलगा एका भांड्यातलं खाऊ शकत होता. नाना तिथे गेले नाहीत. त्यांना कुणी सांगितलं नसेल, आणि सांगितलं असतं तरी आजीने पाठवलं नसतं. तिला कळलं असतं तर तिने मुलाला परत बोलावून घेतलं असतं. हा तिचा काळ, मी तिला काय बोलणार.

स्वातंत्र्यानंतर वार हळूहळू बंद पडले. रेशन आलं, वाडे गेले, फ्लॅट आले, बायका नोकरीला लागल्या. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं हे वार घातले त्यांची नावं कुठल्याही संस्थेच्या संगमरवरी पाटीवर नाहीत, हेही जाता जाता सांगते. देणगी मालकाची, रांधणं मालकिणीचं. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, खेड्यांतून पुण्यात येणाऱ्या मुलांसाठी, आणि पुढे मुलींसाठीही. कमवा आणि शिका हे तिथलं सूत्र. मुलं स्वतः कामं करतात, थोडे पैसे भरतात, बाकीचं समाज भरतो. इथे मुंज झाली का हे कुणी विचारत नव्हतं. माझ्या शाळेतले दोन सहकारी तिथे राहून शिकलेले, एक माणदेशातला, एक नगर जिल्ह्यातला. दोघेही दुसऱ्यांदा भाजी मागून घेत. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं!

त्याच सुमाराला पुण्याच्या पूर्व भागात वेगळंच काहीतरी चाललं होतं. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवत. त्यांच्याकडे पाठ-कंबर धरून हमाल यायचे. शंभर शंभर किलोची पोती उचलणारी माणसं, औषधाने काय होणार? १९५५-५६ च्या सुमाराला हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आणि १९७४ साली पंचायतीने "कष्टाची भाकर" सुरू केली, ना नफा ना तोटा. मी त्याच वर्षी त्या भागातल्या एका शाळेत नोकरीला लागले, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. एका शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, आम्ही चार शिक्षिका तिथे जेवायला गेलो. भाकरी, झुणका, कांदा. शेजारच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. हमाली करायचे. त्यांनी आधी पैसे दिले, मग ताट घेतलं, मग मोठ्याने सांगितलं, "बाई, अजून एक भाकरी घ्या की, लाजू नका." आणि स्वतः वाढणाऱ्या बाईला म्हणाले, "हिकडं दोन टाक गं." ती त्यांच्याच वस्तीतली. तिला कामाचे पैसे मिळत होते, जेवणाऱ्यांनी जेवणाचे दिले होते. कुणी कुणावर उपकार केलेला नव्हता. मला नानांचा ताटावरचा आडवा हात आठवला. घरी येऊन मी त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मला एकदा घेऊन चल." नेलं. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

आणखी एक धागा सांगते आणि थांबते. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेच पुढे ठाकरसींच्या देणगीने ठाकरसी विद्यापीठ झालं. त्या विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायला गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की यांना आधी अक्षर नको आहे, आधी कुणी चोर म्हणून हाकलू नये एवढं हवं आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, आणि तिथेही बाबा आढाव होतेच. महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली. त्यांतूनच २००८ साली "स्वच्छ" ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि त्या घरोघरचा कचरा रीतसर गोळा करू लागल्या. म्हणजे हिंगण्याच्या झोपडीत विधवांसाठी सुरू झालेलं काम शंभर वर्षांत असं वळसा घेऊन, ज्यांच्यासाठी त्या झोपडीत तेव्हा जागा नव्हती, त्यांच्यापर्यंत पोचलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत येते तीही "स्वच्छ"चीच सभासद. तिचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आले. तिच्या गावाकडच्या भावाची मुलगी यंदा बारावी झाली, चांगले मार्क आहेत, तिला पुण्यात शिकायचंय. तिच्यासाठी मी दोन वसतिगृहांचे अर्ज आणून दिलेत, भरायला मदत करतेय. शाळा सोडल्याचा दाखला आला, जातीचा दाखला आला. उत्पन्नाचा अजून तहसील कचेरीत अडकलाय. मुलीच्या वडिलांच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी सोमवारी आहे, आणि अर्जाची मुदत गुरुवारी संपते.